नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडीला

कॅरिबियन समुद्रात साबा नावाचं एक बेट आहे. सारं मिळून १३ चौरस किलोमीटरचं, दोन हजारांच्या आसपास वस्तीचं; समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा डोंगरच. गेल्या शतकात तिथे रस्ता करायची गोष्ट निघाली तेव्हा डच अभियंत्यांनी चढ बघून हात वर केले. मग बेटावरच्याच जोसेफस लॅम्बर्ट हॅसल या गृहस्थानं टपालानं अभियांत्रिकीचा अभ्यास केला, गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि १९३८ पासून दगडावर दगड रचत रस्ता वर चढवत नेला. पहिली जीप बेटावर उतरली ती १९४७ मध्ये. १९६३ मध्ये विमानतळ झाला, पण त्याची धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची आणि दोन्ही टोकांना कडा. मोठं विमान तिथे उतरू शकत नाही. शेजारच्या सिंट मार्टेन बेटावर पर्यटकांची रीघ लागलेली असते. तिथून छोट्या विमानानं पंधरा मिनिटांच्या आत गाठता येणाऱ्या साबावर मात्र मोजकेच लोक जातात, तेही डोंगर चढायला आणि पाण्याखाली बुड्या मारायला.

लहान बेट कसं असेल हे पुष्कळदा तिथे पोचायची वाट ठरवते. धक्का केवढा, बोट कितीदा, शेवटची बोट कधी, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर तिथल्या जमिनीचे भाव, दुकानांच्या पाट्या आणि रात्रीची शांतता अवलंबून असते. हे पाहायला कॅरिबियनपर्यंत जायची गरज नाही. धारगळहून तासाभराचा रस्ता पुरतो.

धारगळ हे पेडणे तालुक्यातलं महामार्गावरचं गाव. मुंबईहून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ गावातून जातो. मोपाच्या पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था या दोन्हींचं उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी झालं. ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून प्रवासी विमानं सुरू झाली. विमानतळाकडून येणारा रस्ता धारगळपाशीच महामार्गाला मिळतो. तिथून बहुतेक टॅक्सी दक्षिणेला कळंगुट-बागा धरतात, नाहीतर पश्चिमेला मोरजी-मांद्रे-हरमल. पाठीवर पिशवी टाकून आलेल्या माणसाला गोवा म्हटलं की समुद्रच हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण ज्याला बेट पाहायचं आहे त्यानं समुद्राकडे पाठ करून पूर्वेला डिचोलीकडे निघावं. कारण गोव्यातली वस्तीची बहुतेक बेटं समुद्रात नाहीत, मांडवीत आहेत.

मांडवीच्या मुखातून आत शिरलं की नदी फाटे फोडत, पुन्हा एकत्र येत, खाड्या आणि बांध घातलेली शेतं यांच्यामधून वाहते. या गुंत्यात चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, वांशी अशी बेटं आहेत. चोडण सर्वांत मोठं. ते मयेच्या बाजूनं डिचोलीला रस्त्यानं जोडलेलं आहे, त्यामुळे त्याचं बेटपण थोडं पातळ झालंय. दिवाडीचं तसं नाही. दिवाडीला जायचं तर फेरीबोट. ती तीन ठिकाणांहून सुटते: जुने गोवे, रायबंदर आणि डिचोली तालुक्यातलं नार्वे.

पर्यटक जातो तो जुने गोवेहून. बॉम जेझू बासिलिका पाहायची, व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर उतरायचं, पलीकडे जाऊन दोन तासांत परत यायचं, असा शिरस्ता आहे. वाईट काही नाही त्यात. परंतु त्या बाजूनं गेलं की दिवाडी हे जुने गोव्याचं शेपूट वाटतं. नार्व्याकडून गेलं की त्याच बेटाची गोष्ट उलट बाजूनं, सुरुवातीपासून उलगडते. हा लेख त्या वाटेचा आहे.

धारगळहून कोलवाळचा पूल ओलांडला की शापोरा नदी मागे पडते. मग थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली. वाटेत लाल मातीचे कापलेले डोंगर दिसतात. डिचोलीच्या खाणींतलं लोहखनिज वर्षानुवर्षं बार्जमधून मांडवीनं मुरगावच्या बंदराकडे जायचं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणकाम थांबलं आणि नदीतली ती वर्दळ एकाएकी आटली. पुढे खाणी सुरू-बंद होत राहिल्या. डिचोलीहून नार्व्याकडे वळलं की मात्र पोफळी, माड आणि ओढे सुरू होतात, आणि एका वळणावर सप्तकोटेश्वराचं देऊळ येतं.

दिवाडीला जाणाऱ्यानं आधी इथे थांबायला हवं, कारण हा देव दिवाडीचा आहे.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असे आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादानं राज्य लाभल्याचं बिरुद कोरलेलं असे. देवाचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. बहामनी सैन्यानं ते पाडलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव यानं पुन्हा उभारलं. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केलं. लिंग पाणी ओढायच्या विहिरीवर वापरलं गेलं होतं आणि तिथून भाविकांनी ते रातोरात नदीपार आणलं, असं सांगतात. कथेतला तपशील बाजूला ठेवला तरी देव नदी ओलांडून आला हे निश्चित, आणि पलीकडच्या नार्व्याचं नावही तो बरोबर घेऊन आला. म्हणून आज नदीच्या दोन्ही काठांवर नार्वेच आहे.

पण नदीच का ओलांडायची? एवढं तीनचारशे हातांचं पाणी देवाला कसं वाचवणार? याचं उत्तर नकाशात आहे. आफोंसो द आल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा कायमचा जिंकला तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती आलं ते तिसवाडी आणि लगतची दिवाडी-चोडणसारखी बेटं. १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी त्यांना मिळाली. डिचोली मात्र आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले अशा सत्तांखाली राहिली आणि १७८० च्या दशकात पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेली. पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं नार्व्याच्या धक्क्यासमोरचं पाणी ही दोन राज्यांची सरहद्द होती. पलीकडे इन्क्विझिशन, अलीकडे देवळाची घंटा. हे लक्षात घेतलं की गोव्यातल्या देवांचे पत्ते असे का आहेत हेही कळतं. चोडणची देवकीकृष्ण माशेलला गेली. दिवाडीचा गणपती फिरत फिरत खांडोळ्याला स्थिरावला. माशेल-खांडोळा हा भाग फोंडा महालातला, तोही १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या बाहेर. देव जवळातल्या जवळ हलले, पण हलले ते नेमके सरहद्दीच्या पलीकडे.

नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी नव्यानं बांधायला घेतलं. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, असा आरंभाचा दिवस सांगणारा शिलालेख तिथे आहे. इंग्रजी तारीख १३ नोव्हेंबर १६६८. देऊळ मोठं नाही. घुमट आहे, उंच दीपस्तंभ आहे, मंडपाला युरोपीय वळण आहे, सारं गोव्याच्या देवळांना साजेसं. आवारात कालभैरवाचं स्थान आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं हाती घेतलेलं जीर्णोद्धाराचं काम पुरं होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. गोकुळाष्टमीला नार्व्याला नदीस्नानासाठी भाविक जमतात. कृष्णजन्माच्या दिवशी शिवाच्या दारी स्नान, हा योग डिचोलीकरांना नवा वाटत नाही.

देवळांच्या आवारात हमखास दिसणाऱ्या पांढऱ्या चाफ्याबद्दल एक आडवाटेची गोष्ट. हे झाड मुळात कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिका या भागातलं. कोलंबस १४९२ मध्ये भारताच्या शोधात निघून त्या बेटांवर पोचला; वास्को द गामा १४९८ मध्ये खऱ्या भारतात आला; आणि पुढच्या शतका-दोन शतकांत जहाजांनी काजू, पपई, पेरू, अननस, मिरची इकडे आणून टाकली. त्याच अदलाबदलीत चाफाही आला आणि इतका मुरला की त्याला आपण देवचाफा म्हणू लागलो. कॅरिबियनला न जाताही कॅरिबियन गोव्याच्या अंगणात उभं आहे.

देवळापासून धक्का लांब नाही. नदी परिवहन खात्याची फेरीबोट सपाट, रुंद, पुढून-मागून उघडी. उतरता फळा धक्क्याच्या उतारावर टेकतो, दुचाक्या आधी, मग गाड्या, मग बाकीचे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. खिडकी नाही, रांगेचा दोर नाही, ‘स्वागत आहे’ अशी पाटी नाही. बोटीवर चढणाऱ्यांत मासळीची पाटी घेतलेली बाई असते, सरकारी कचेरीतून परतणारा कारकून असतो, कॉलेजची मुलं असतात. पर्यटक या दिनक्रमात पाहुणा असतो, गिऱ्हाईक नसतो. गोव्यात ही जागा मिळणं आता दुर्मिळ झालंय. बोट भरली की सुटते आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे टेकते.

उतरलं की पहिली लक्षात येते ती पाण्याची पातळी. बेटाचा केवढातरी भाग भरतीच्या पाण्याच्या उंचीला, कधी त्याहूनही खाली आहे, आणि तरीही तिथे भात पिकतो. गोव्याचं हे सगळ्यात मोठं, आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत सगळ्यात कमी जागा मिळालेलं बांधकाम: खाजन.

मांडवीत दिवसातून दोनदा भरती येते. समुद्राचं पाणी सुमारे दोन मीटर चढतं आणि नदीतून घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गांजेपर्यंत, ५० किलोमीटर आत जातं. अशा नदीकाठच्या दलदलीत शेती करायची तर खारं पाणी अडवलं पाहिजे आणि पावसाचं गोडं पाणी बाहेर काढलं पाहिजे. पूर्वजांनी त्यासाठी बांध घातले: बाहेरचा जांभ्या दगडाचा नाहीतर चिकणमातीचा, आतले लहान. बांधांच्या बाहेर खारफुटी राखली, म्हणजे लाटांचा मार आधी तिच्यावर. आणि बांधात ठरावीक जागी बसवली मानस.

मानस ही लाकडी दारांची झडप. हिला वीज लागत नाही, राखणदारही सारखा लागत नाही. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा रेटाच दारं मिटवतो. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात धो धो पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि मानसीतून नदीत सोडतो. मग कोरगुटसारखं खारटपणा सोसणारं भात उभं राहतं. भात कापून झालं की बेतानं खारं पाणी आत घेतात आणि त्याबरोबर मासळी येते. आतल्या डबक्यात सुंगटं, शेवटे, काळुंद्रं, चणक वाढतात आणि रात्रीच्या ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळं लावून धरतात. एकाच जमिनीतून भात आणि मासळी दोन्ही. मीठ पिकवणारी आगरंही अशाच काठांवर होती. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचं सांगितलं जातं.

हे सगळं कॅरिबियन बेटावर जमलं असतं का? नाही. तिथे खारफुटी भरपूर आहे, डबकी आहेत, मासळी आहे, पण भरतीच नाही म्हटलं तरी चालेल. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. एवढ्याशा चढउतारानं मानसीची दारं हलली नसती. दिवाडीचं शेत हे चंद्राच्या ओढीवर चालणारं यंत्र आहे, आणि ते इथेच चालू शकतं.

यंत्र आहे तर दुरुस्ती आलीच. बांधाला खेकडे भोकं पाडतात, पावसात माती सुटते, आणि एकदा का बांध फुटला की आत शिरलेला खार निघायला पावसाळे जातात. म्हणून ही शेती कधी एकट्याची नव्हतीच. गावकरी संस्था, पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले, ती बांध राखायची, मानसीचा लिलाव करायची, कामाला माणसं लावायची. या संस्थेच्या चालीरीती आफोंसो मेशियानं १५२६ मध्ये फोराल नावाच्या दस्तऐवजात नोंदवून घेतल्या. म्हणजे त्या पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीच्या. मुक्तीनंतर १९६४ चा कुळ कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी जमिनीवर कुळांचा हक्क आला. न्याय्यच होतं ते. पण बांधांची जबाबदारी त्या ओघात कुळांच्या संघांवर आली आणि सगळीकडे ती सारख्या निगुतीनं पार पडली नाही. शिवाय मासळीचा भाव भातापेक्षा चढा. मानस जरा जास्त वेळ उघडी ठेवली की मासळी वाढते आणि शेत खारटतं. दिवाडी-चोडणच्या रस्त्यानं जाताना एका हाताला हिरवंगार भात आणि दुसऱ्या हाताला वर्षानुवर्षं पडीक, पाण्याखाली गेलेलं शेत दिसतं, त्यामागे ही सगळी ओढाताण आहे.

खाजन सोडून रस्ता चढणीला लागला की पियेदाद गाव येतं. दुतर्फा ओसऱ्या आणि बाल्कांव असलेली, तांबड्या-पिवळ्या-निळ्या रंगांची घरं. कित्येकांना कुलूप आहे, मालक लिस्बन, लंडन नाहीतर आखातात. घराचं फोटोला सोपं असणं ही मात्र घरमालकाची पंचाईत होऊन बसली आहे. गोव्याच्या पर्यटन खात्याला जानेवारी २०२३ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की खाजगी घरांचे आणि बंगल्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. हे पत्रकानं सांगावं लागतं यातच सगळं आलं.

टेकडीच्या माथ्यावर पियेदादचं चर्च आहे. सध्याची इमारत अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात पुरी झाली आणि तिचा आराखडा आंतोनियो जुवांव द फ्रियश या गोमंतकीय पाद्र्याचा. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की गोव्यातली चर्चं पोर्तुगीजांनी बांधली असं सरसकट म्हटलं जातं. आराखड्यापासून गवंड्यापर्यंत इथल्या माणसांचा हात त्यात किती होता, ते अशा नावांवरून कळतं. चर्चजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबकाळातलं दगडी कोरीव काम आजही टिकून आहे. इथे पूर्वी देऊळ होतं, त्याचा हा अवशेष. नार्व्याहून आलेल्याला आश्चर्य वाटत नाही. जुने गोव्याहून आलेला चमकतो. माथ्यावरून नदीपलीकडे जुने गोव्याचे मनोरे दिसतात, ज्यांना १९८६ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. सप्तकोटेश्वराच्या जुन्या देवळाची जागा आणि कोटितीर्थाचा तलाव बेटाच्या नार्वे भागात आहे. तिथे फारसं काही उभं नाही. पण पलीकडचं देऊळ पाहून आलेल्या माणसाला त्या रिकाम्या जागेचा अर्थ लागतो.

इतक्यात कोकण रेल्वेची गाडी धडधडत जाते. थिवी आणि करमळी या दोन स्थानकांच्या मधे रुळ दिवाडी बेटावरून जातात. १९९८ पासून मुंबई ते मंगळूर अशी पूर्ण लांबी सुरू झाली, रोज कितीतरी हजार माणसं दिवाडीवरून जातात आणि उतरता कुणालाच येत नाही, कारण बेटावर स्थानक नाही. मुंबईला नोकरीला असलेल्या दिवाडीकरानं खिडकीतून आपलं गाव बघायचं, करमळीला उतरायचं आणि फेरीबोटीनं मागे यायचं.

बेटाचा मुख्य सण बोंदेरा, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. पोर्तुगीज काळात वाड्यावाड्यांत हद्दींवरून भांडणं होत, हद्द दाखवायला निशाणं रोवली जात आणि दुसऱ्या वाड्याचे लोक ती पाडत, अशी या सणाची हकिकत सांगतात. आज वाड्यावाड्यांची निशाणं मिरवतात, चित्ररथ निघतात, आणि पोरं बांबूच्या नळीतून हिरवी फळं फटाफट उडवतात. त्या बांबूच्या बंदुकीला फोताश म्हणतात. ढोलकी, ब्रास बँड, पावसाची सर, चिखल. गोव्याच्या उत्सवांत पर्यटन खात्याच्या हाताचा स्पर्श पुष्कळ ठिकाणी जाणवतो. इथेही जाणवतो, पण फोताश उडवणाऱ्या पोरांना त्याचं सोयरसुतक नसतं.

पोतेकार त्याहून अंगावर येणारे. लेंटच्या उपवासकाळाआधी, पणजीत कार्निव्हलच्या चित्ररथांची तयारी चाललेली असते तेव्हा दिवाडीवर मुखवटे चढवलेली, चिंध्या-गोणपाट गुंडाळलेली, कमरेला गुरांच्या घंटा बांधलेली माणसं रस्त्यांवरून धावतात आणि पोरांना पळवतात. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर याच दिवसांत काकवी फासून, शिंगं-शेपटी लावून ‘जॅब मोलॅसी’ निघतात. फ्रेंच मळेवाल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे कार्निव्हल नेला आणि गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांनी तो रस्त्यावर आणला. दिवाडीच्या पोतेकाराचा आणि त्रिनिदादच्या सैतानाचा एकमेकांशी थेट संबंध जोडणं धाडसाचं ठरेल. पण उपवासाआधी काही दिवस उलटंपालटं वागायची मुभा देणारं एकच कॅथलिक पंचांग दोन टोकांच्या दोन बेटांवर पोचलं आणि दोन्हीकडे माणसांनी आपल्या हाताशी असलेलं सामान वापरलं: तिथे साखरेच्या मळ्यातली काकवी, इथे गोठ्यातली घंटा.

चोडणसाठी वेगळा दिवस ठेवावा. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेलं, अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं. रायबंदरहून फेरीबोटीनं उतरलं की धक्क्यापासून चालत जाता येतं. ओहोटीच्या वेळी चिखलात एक नांगी मोठी असलेले खेकडे आणि पायांवर चालावं तसे सरपटणारे मासे दिसतात. बगळे, खंड्या, हिवाळ्यात चिखलपक्षी. भरतीला गेलं तर पायवाटेखाली नुसतं पाणी. गोव्याच्या बेटांवर जाताना घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक पाहणं जास्त उपयोगाचं.

आता पुलाचा विषय, जो दिवाडीवर कुणाशीही पाच मिनिटं बोललं तरी निघतो. रात्री-अपरात्री आजारी माणसाला हलवायचं तर फेरीबोटीची वाट बघत बसायचं का, हा प्रश्न खरा आहे. सकाळी कामावर जाणाऱ्याला रोज धक्क्यावर ताटकळावं लागतं, हेही खरं. आणि पूल आला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतील, शेतं भरली जातील, ही भीतीही खरी. बेटावर यावर एकमत नाही, आणि बाहेरच्या माणसानं ‘तुमची फेरीबोट किती छान, पूल नकोच’ असं म्हणणं हा उद्धटपणा आहे. त्याला ती वर्षातून एकदा घ्यायची असते.

पेडणेकराला मात्र यात बोलायचा थोडा अधिकार आहे. पेडणे तालुका उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा अशा दोन नद्यांमध्ये आवळलेला. शिवोली-चोपडे पूल होण्याआधी तिथे फेरीबोट होती, आणि मोरजी-हरमल ही बार्देशकरांना लांबची गावं होती. पूल झाला, प्रवास सोपा झाला, पोरांच्या नोकऱ्या सोयीच्या झाल्या. आणि त्याच पुलावरून शॅक, गेस्ट हाऊस, रात्रीचं संगीत आणि परप्रांतीय जमीनखरेदी किनाऱ्यावर आली. आता विमानतळानंतर तोच वेग मोपा-धारगळच्या पठारावर चढलाय. तालुक्याच्या वरच्या टोकाला केरी-तेरेखोल फेरी अजून आहे. पलीकडच्या तेरेखोल गावाला अलीकडच्या पेडण्यापेक्षा महाराष्ट्रातलं रेडी जवळचं वाटावं, इतका फरक ती एक नदी पाडते.

चोडणवर मधला मार्ग निघू पाहतोय. २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो पद्धतीच्या मोठ्या फेरीबोटी सुरू झाल्या, ज्या जुन्या बोटींपेक्षा कितीतरी जास्त गाड्या एका फेरीत नेतात. थांबायचा वेळ कमी, पण नदी नदीच राहते. त्याच वर्षी ३० एप्रिलला कॅरिबियनमधल्या केमन बेटांवर सार्वमत झालं: मोठी क्रूझ जहाजं थेट लागतील असा धक्का सरकारनं बांधावा का? तिथे आजही जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर येतात. धंदेवाल्यांना धक्का हवा होता, प्रवाळ वाचवू पाहणाऱ्यांना नको होता. मतदारांनी नको म्हणून सांगितलं. दिवाडीकरांना असा प्रश्न अजून मतपत्रिकेवर विचारला गेलेला नाही; ग्रामसभा आणि निवडणुकीच्या सभा एवढंच काय ते व्यासपीठ.

जायचं कधी? खाजन पाहायचं तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, भात पिवळं होताना. पाऊस झेपत असेल तर जुलै उत्तम, फक्त वीज चमकली की बांधावर चालू नये. उन्हाळ्यात दुपार टाळावी, बेटावर सावली घरांनाच आहे. सायकल असेल तर सगळं बेट निवांत अर्ध्या दिवसात होतं. खाण्याची दुकानं थोडी आहेत आणि दुपारी ती बंद होतात, तेव्हा डिचोलीच्या बाजारात पोट भरूनच निघालेलं बरं. जाताना नार्व्यानं आणि परतताना जुने गोव्यानं गेलं तर एका दिवसात दोन्ही काठ होतात; पुढे रायबंदरवरून, १६३० च्या दशकात बांधलेल्या तीन किलोमीटर लांबीच्या दगडी बंधाऱ्यावरून पणजी, आणि म्हापशावरून पुन्हा धारगळ. बोंदेराच्या शनिवारी मात्र हा बेत जमणार नाही. त्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे गाडी अलीकडच्या काठावर ठेवायची, बोटीवर पायी चढायचं आणि पियेदादपर्यंत चालत जायचं. कपडे मळले तर चालतील असेच घालावेत, कारण फोताशचा नेम चुकत नाही.